फ्लॅट सोडायचा तर एप्रिल बघून सोडा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ३४ वर्षांचा आहे. साखर कारखान्यांच्या इन्स्ट्रुमेंटेशनची सर्व्हिस बघतो. गाळप हंगामात महिन्यातले वीस-बावीस दिवस सोलापूर, धाराशिव आणि विजयपूर पट्ट्यातल्या कारखान्यांवर जातात. हंगाम संपला की आठ-दहा दिवसांचीच फिरती उरते, बाकी काम लॅपटॉपवर. लॉज आणि गेस्ट हाऊसला विटलोय. जुळे सोलापुरात नऊ हजार भाड्याचा फ्लॅट आहे, तो महिन्यातले वीस दिवस रिकामाच पडलेला असतो. पत्नी नववी-दहावीच्या मुलांना रोज चार ते आठ ऑनलाइन गणित शिकवते. मूल नाही. अकरा लाख साठलेत. सहा लाखांत जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन पाच लाखांत तिचा कॅम्पर करायचा, फ्लॅट सोडून भाडं वाचवायचं आणि कारखान्यांच्या आवारात गाडी लावून, गाडीतच राहून दोघांनी काम करायचं, असा बेत आहे. पत्नीची हरकत नाही. बार्शीला राहणारी आई मात्र म्हणते, ‘पालावर राहायची वेळ आलीय का आपल्यावर?’ फ्लॅटचा करार ऑक्टोबरअखेर संपतो. हा वेडेपणा आहे का?

वेडेपणा नाही. पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अडखळले. ‘फ्लॅट महिन्यातले वीस दिवस रिकामाच पडलेला असतो’ असं तुम्ही लिहिता आणि पुढच्याच वाक्यात पत्नी रोज शिकवण्या घेतात असं सांगता. मग फ्लॅट रिकामा कसा? तिथे त्या राहतात, काम करतात. नसता ते तुम्ही.

टोमणा मारायचा म्हणून हे लिहीत नाही. मला वाटतं, लॉजच्या खोलीचा वीट ही तक्रारीची एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी की, लग्न करून घर मांडलं आणि वर्षातले पाच महिने ते फोनवरच चालवावं लागतं. कॅम्पर घेतला की दोघं एकत्र राहू, हा विचार त्यातूनच आला असणार. तो अगदी समजण्यासारखा आहे. फक्त त्या बेतात तुमचा दिवस कसा जाईल हे तुम्ही बारकाईने पाहिलंय. त्यांचा दिवस कसा जाईल ते पत्रात कुठेच नाही.

तो आपण पाहू. कारखान्याचं आवार मी तुम्हाला काय सांगणार? केनयार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं, तेही रात्री दोन वाजता त्याच आवाजात. मळीचा वास. चिमणीतून उडणारी काजळी, जी वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पाडते. तुम्ही सकाळी आठला प्लांटमध्ये जाल आणि संध्याकाळी याल. मधले दहा तास पत्नी एका पत्र्याच्या खोलीत, जिच्या भोवती शे-दोनशे अनोळखी ड्रायव्हर, आणि पाय मोकळे करायला जावं तर कुठे हा प्रश्न. चार वाजता क्लास सुरू. त्या त्रिकोणमिती शिकवणार, आणि दहा फुटांवर कुणीतरी ट्रॉली मागे घेताना हॉर्न वाजवणार. तुम्ही सहाला परत आलात, तर क्लास संपेपर्यंत दोन तास बाहेर. गाडीत टेबल एकच असेल. रात्री कारखान्यातून फोन आला, की दिवा लागणार, सरकतं दार वाजणार आणि दोघांचीही झोप मोडणार. आज लॉजवर ती तुमच्या एकट्याचीच मोडते.

‘हरकत नाही’ म्हणाल, तर आपल्याकडच्या बायका कशाकशाला हरकत नाही म्हणत आल्यात त्याची यादी करायला घेतली तर हे सदर पुरणार नाही. म्हणून त्यांना पुन्हा हो की नाही विचारू नका. त्यापेक्षा हंगाम सुरू झाला की आठवडाभर त्यांना बरोबर न्या. टेंभुर्णी, मोहोळ, कुर्डुवाडी, तुमची फिरती असेल तिथे लॉजवर राहा आणि त्यांना तिथून रोजचे क्लास घेऊ द्या. नंतर त्यांच्याकडूनच एक कागद लिहून घ्या: काय असल्याशिवाय जमणार नाही. कदाचित त्या म्हणतील, गाडी आवारात नको, गावात ओळखीच्या वाड्यासमोर लावा आणि तुम्ही मोटरसायकलने कारखान्यावर जा. कदाचित म्हणतील, आठवड्यातले तीन दिवस मी सोलापुरातच. आणि कदाचित, कुणी सांगावं, तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त मजा येईल. पण ते त्यांच्या तोंडून यायला हवं.

आता हिशेब. भाडं वाचेल असं तुम्ही दोनदा लिहिलंय. नऊ हजारांप्रमाणे वर्षाचे १ लाख ८ हजार. तेच अकरा लाख सात टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले, तर वर्षाला ७७ हजार येतील. म्हणजे वाचले ३१ हजार. त्यातून विमा, टायर, सर्व्हिसिंग. डिझेल वेगळंच. महिन्याला दीड हजार किलोमीटर, लिटरला दहा आणि डिझेल नव्वद रुपये धरलं, तर साडेतेरा हजार होतात. म्हणजे फ्लॅटच्या भाड्यापेक्षा जास्त. कंपनी प्रवासखर्च देत असेल, पण तो कुठल्या गाडीचा आणि किती, ते बघा. लॉजचा भत्ता रोजचा ठरलेला आहे की बिल दाखवल्यावर मिळतो? बिलावर असेल तर कॅम्परमध्ये झोपलात त्या दिवशी तो बंद. एचआरला हे ईमेलनेच विचारा, चहाच्या टपरीवर मिळालेल्या उत्तराला अर्थ नसतो. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेत असाल, तर भाडं थांबलं की सूटही गेली. आणि भाडेकरार हाच जर तुमचा पत्त्याचा पुरावा असेल, तर बँक आणि आधारवर बार्शीचा पत्ता आधी घालून घ्या.

हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे. मग तिला बचतीच्या रकान्यात लिहू नका, एवढंच. अकरा लाखांची हौस परवडते का, असा सरळ प्रश्न केलात, तर कदाचित उत्तर ‘हो’ येईल, आणि ते प्रामाणिक असेल.

पैशांपेक्षा मला उन्हाळ्याची जास्त काळजी वाटते. कॅम्परचे जे व्हिडिओ आपण बघतो, त्यांतली माणसं हिमाचलात किंवा डिसेंबरातल्या कोकणात कॉफी पीत असतात. एप्रिलच्या दुपारी तीन वाजता विजापूर रोडच्या कडेला गाडी लावून कुणी व्हिडिओ करत नाही. आपल्याकडे पारा ४२-४३ ला सहज जातो, आणि पत्र्याच्या बंद गाडीत त्याहून बराच वर. छताला पांढरा रंग, आतून जाड फोम, काचांना चकचकीत पडदे हे सगळं कराच, पण त्याने आग कमी होते, विझत नाही.

एसी लावू म्हणाल. छतावर ४०० वॉटचं पॅनेल बसवलंत आणि पाच तास चांगलं ऊन मिळालं, तर कागदावर दोन युनिट, प्रत्यक्षात दीडच्या आसपास वीज मिळेल. १२ व्होल्ट २०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत अडीच युनिट मावतात. दोन लॅपटॉप, राउटर, पंखा आणि छोटा डीसी फ्रिज एवढ्याला दिवसाला साधारण दीड युनिट लागतं. म्हणजे एसीशिवाय गणित जेमतेम जुळतं. एक टनाचा साधा एसी चालू असताना तासाला युनिटभर वीज खातो. भरलेली बॅटरी दोन-तीन तासांत खाली. इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून एसीत झोपायचा विचार तर मनातही आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

मग कूलर. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलर इथे छान चालतो आणि वीजही थोडी घेतो. पण तो पाणी पितो, तासाला तीन-चार लिटर धरा. दहा तासांत तीस-चाळीस लिटर. दोन माणसांचं पिणं, स्वयंपाक, भांडी, काटकसरीची अंघोळ मिळून आणखी चाळीस-पन्नास. शंभर लिटरची टाकी असेल तर रोज भरायची. कुठून? नळाला पाणी कधी येणार ते बघून बाहेरगावी जायचं ठरवणाऱ्या शहरातली आपण माणसं. त्यातून पॅनेलवर काजळी बसली की वीज उतरते, आणि कोरड्या फडक्याने पुसलं तर काचेला ओरखडे येतात; म्हणजे ते धुवायलाही पाणीच. कारखान्यात पाणी मिळतं हे खरं, पण ते कुठल्या कामाचं आणि पिण्याजोगं आहे का, हे आपल्या डोळ्यांनी बघून घ्या.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगते. सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो आणि आपली माती काळी. चार टनांची गाडी शेताच्या कडेला रुतली, की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. डांबर, काँक्रीट किंवा पक्का मुरूम सोडून कुठे उभी करू नका.

शौचालयाचा विषय पत्रात नाही. नेहमीच टाळला जातो. गाडीत बसणाऱ्या कॅसेट टॉयलेटची टाकी वीसेक लिटरची असते, दोघांना दोन-तीन दिवस पुरते. मग ती रिकामी कुठे करणार? अमेरिकेत अशा गाड्यांसाठी तळ असतात, जिथे प्रत्येक जागेला वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते पर्यटकांसाठी. माढा-माळशिरसच्या फिरतीत त्याच्यावर विसंबू नका. जिथे मुक्काम असेल तिथल्या शौचालयाच्या वापराची परवानगी आधी मागून ठेवा, आणि ओढ्यात ओतणं हा पर्याय धरूच नका.

स्वयंपाक शक्यतो गाडीबाहेर, पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर. एलपीजी हवेपेक्षा जड; गळती झाली तर ती जमिनीलगत साचते, म्हणून हवेसाठीचं भोक गाडीच्या तळाशी हवं. वरची खिडकी त्यासाठी उपयोगाची नाही. फॅब्रिकेटर हे आपण होऊन सांगेलच असं नाही.

आणि त्या फॅब्रिकेटरला आगाऊ रक्कम देण्याआधी आरटीओत जा. जुनी ट्रॅव्हलर बहुधा पिवळ्या पाटीची असेल. ती खासगी करून घेणं, सीट काढून पलंग-ओटा पक्का बसवणं हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येतं. परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ बनावटीविरुद्ध केलेल्या बदलांबद्दल कडक भूमिका घेतली. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. एम.एच. १३ च्या कार्यालयात आराखडा घेऊन जा, काय चालेल ते विचारा, विमा कंपनीकडूनही लेखी घ्या. लायसनची काळजी नको: साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाला हलक्या वाहनाचं लायसन पुरतं, आणि पिवळ्या पाटीच्या गाडीलाही ते चालतं, हे २०२४ च्या घटनापीठाच्या निकालाने स्पष्ट झालंय.

आता आई. त्यांच्या ‘पालावर’ या शब्दाचा तुम्हाला राग आलेला दिसतो. मला त्यात भीती जास्त दिसते. सोलापुरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे, तुम्ही तिथून शंभरदा गेला असाल. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली फिरस्त्या जमातींच्या माणसांना तिथे तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. घर पाठीवर घेऊन फिरणाऱ्याकडे संशयाने बघायची सवय त्याआधीची आहे आणि नंतरही गेलेली नाही. तुमच्या पांढऱ्या गाडीकडे आणि लॅपटॉपकडे बघून लोक कौतुक करतील. पालावरच्या माणसाला आजही कुणी ते करत नाही. आईला हे सगळं सांगून पटवायला जाऊ नका. ‘लोक काय म्हणतील’च्या खाली ‘रात्रीबेरात्री काही झालं तर?’ असतं, त्याचं उत्तर द्या. कुठे मुक्काम आहे ते रोज कळवायचं, गावात थांबलात तर पोलीस पाटलांना आधी भेटायचं, महिन्यातून एक रविवार बार्शीला. पोलीस पाटलांना भेटणं तुमच्या पत्नीच्या सुरक्षिततेसाठीही हवं.

तुम्ही ज्या आवारात गाडी लावायची म्हणता, तिथेच मराठवाड्यातून आलेली ऊसतोडीची कुटुंबं कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, पाच-सहा महिने काढतात. त्यांची आणि तुमची बरोबरी करणं बरं नव्हे; ती उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन, नाइलाजाने आलेली असतात. तरी एक गोष्ट बघा. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ती गावी परततात. गावाकडचं घर, कितीही मोडकं असलं, तरी कुणी त्यापायी मोडून टाकत नाही. आपल्या मुलखात हंगामापुरतं हिंडणं जुनंच आहे. मुक्कामाची जागाच ठेवायची नाही, हे तेवढं तुमच्या बेतात नवं आहे, आणि माझा आक्षेप तेवढ्यालाच आहे.

नोव्हेंबर ते मार्च हे पाच महिने बघा: पाऊस नाही, रात्री गार, कूलर नको, पाण्याचा खर्च निम्मा. नेमकी तुमची फिरतीही तेव्हाच. एप्रिल ते ऑक्टोबर तुम्ही बरेचसे घरीच असता, आणि गाडीत राहायला तेच महिने वाईट. मग बारा महिन्यांचं घर गाडीत का बसवायचं? पाच महिन्यांपुरतीच गाडी हवी असेल, तर ती लहान चालेल, पक्का ओटा-पलंग लागणार नाही, काढता-घालता येईल असं सामान पुरेल, आरटीओची डोकेदुखी बरीच कमी होईल आणि अकरातले सात-आठ लाख बँकेतच राहतील.

त्याआधी डिसेंबरात आठ-दहा दिवस कॅम्पर भाड्याने घ्या, पुण्या-मुंबईकडे मिळतात. कामाच्या दिवसांतच घ्या, सुट्टीत नको. सुट्टीत कुठलीही गाडी आवडते. मग एप्रिलमध्ये पुन्हा चार दिवस, सोलापुरातच, दुपारी आत बसून लॅपटॉपवर काम करत. दोन्हीनंतर दोघांनाही हवंसं वाटलं, तर ट्रॅव्हलर घ्या. मी अडवणारी कोण?

सामान कसं लावायचं ते शिकायचं असेल, तर व्हिडिओ सोडा आणि आषाढीच्या वेळी नातेपुते किंवा अकलूजला जाऊन दिंडीचा ट्रक बघा. शंभर माणसांचा शिधा, भांडी, तंबू एका ट्रकात, आणि पहाटे अंधारातही कुठली पिशवी कुठे आहे ते तिथल्या माणसाला ठाऊक. सांभाळणाऱ्याशी बोला, ते आनंदाने सांगतात.

असंच काहीसं विचारणारी आणखी पत्रं येतात, ठिबकची सर्व्हिस करणाऱ्यांची, सर्व्हेवाल्यांची, औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींची. तुमच्यापैकी जे एकटे फिरतात आणि ज्यांचे तालुके ठरलेले आहेत, त्यांनी गाडीच्या आधी साधी गोष्ट करून बघावी: फिरतीच्या मधोमध असलेल्या गावात हंगामापुरती एक खोली, पलंग, टेबल, स्वतःचा गॅस. लॉजचा बराचसा वीट तिथेच जातो. बाईमाणूस एकटी गाडीत राहून काम करायचं म्हणत असेल, तर पेट्रोल पंप किंवा ओळखीचं आवार, आणि ड्रायव्हरच्या सीटपर्यंत आतूनच जाता येईल अशी गाडी, या दोन गोष्टी सोडू नयेत.

राहता राहिला ऑक्टोबर. करार मोडू नका, अकरा महिन्यांसाठी पुन्हा करा. मात्र यावेळी नोटिशीची मुदत एक महिन्याची लिहून घ्या आणि मुदतीआधी सोडल्यास अनामत पूर्ण परत, हेही कागदावर आणा. घरमालक भाड्यात पाचशे वाढवून मागतील. द्या. आणि यावेळी करारावर पत्नीचंही नाव घाला.